घरी दोन इंटरनेट कनेक्शनं, एक राउटर : पहिलं गेलं की दुसरं आपोआप लागावं, तर काय करावं?

ओसरीवरची

नमस्कार मंडळी,

प्रश्न घरचाच आहे, पण अडलेले बरेच असतील म्हणून वेगळा धागा काढते.

आम्ही कोथरूडला राहतो. मी नववी-दहावीच्या गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. नवऱ्याचं ऑफिस संध्याकाळी सुरू होतं आणि मध्यरात्रीनंतर संपतं. दोघांचंही पोट इंटरनेटवर. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ते खोदले गेले की आमची फायबर तुटतेच. तक्रार केली की 'आज संध्याकाळपर्यंत होईल' असं उत्तर येतं, कुठल्या दिवसाची संध्याकाळ ते मात्र विचारायचं नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सगळ्यात स्वस्त कनेक्शन घेऊन ठेवलं. महिना ३९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७१ रुपये.

यामुळे घरात दोन डबे झाले आणि वायफायची दोन नावं. एक बंद पडलं की 'दुसऱ्यावर जा, दुसऱ्यावर जा' अशी घरभर हाकाटी. त्याला कंटाळून दोन वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आत घेणारी दोन तोंडं असलेला, राउटर आणला. पहिल्या कंपनीचा डबा वॅन-१ ला, दुसरीचा वॅन-२ ला, आणि लॅन पोर्टवर (घरच्या उपकरणांच्या बाजूला) घरातला जुना वायफाय राउटर अशी जोडणी केली. परवा फायबर तुटली, कंपनीच्या डब्यावर लाल दिवा लागला, आणि नवा राउटर मात्र 'वॅन-१ कनेक्टेड' असं हिरव्या अक्षरांत दाखवत बसला. वॅन-१ ची केबल हाताने उपटली तेव्हा कुठे दुसरं सुरू झालं. मग यात आपोआप ते काय राहिलं?

दुसरा त्रास असा की दोन्ही कनेक्शनं चालू असताना बँकेच्या साइटवरून मध्येच बाहेर फेकलं जातं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. एकच कनेक्शन होतं तेव्हा हे होत नव्हतं.

जाणकारांनी सांगा. सेटिंगची पानं वाचता येतात, पण नेटवर्किंग शिकलेले नाही.

जुनी_खुर्ची

एवढा खटाटोप कशाला? मोबाईलचा हॉटस्पॉट लावायचा, काम उरकायचं. आमच्याकडे असंच चालतं.

ओसरीवरची

@जुनी_खुर्ची, काका, हॉटस्पॉट लावेपर्यंत वर्गातली निम्मी मुलं पळालेली असतात. आणि नवरा कॉलवर असेल तर फोन त्याच्याकडे मागायचा कसा?

टर्मिनलकर

ताई, दोन्ही त्रास एकाच पानावर सुटतात. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी लाल दिव्याचं. फायबर ज्या डब्यात येते त्याला ओएनटी म्हणतात. ओएनटी आणि तुमचा राउटर यांच्यात जी इथरनेट केबल आहे ती फायबर तुटल्यावरही शाबूत असते. डबा चालू, केबल चालू, डब्याने राउटरला दिलेला आयपी पत्ताही (नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक) चालू. तुमच्या राउटरचं जग तिथंच संपतं, म्हणून तो 'कनेक्टेड' म्हणतो. रस्त्यावर फायबर तुटलीय हे त्याला कळायचं तर त्याने डब्यापलीकडे हाक मारून पाहिली पाहिजे.

ती हाक म्हणजे पिंग. सेटिंगमध्ये 'ऑनलाइन डिटेक्शन', 'हेल्थ चेक', 'नेटवर्क मॉनिटर', 'ट्रॅक आयपी' यांपैकी काहीतरी नाव असेल. ते चालू करा आणि पिंग कुणाला करायचा तो पत्ता तुम्ही स्वतः भरा. बऱ्याच राउटरांत तिथे आपोआप गेटवेचा, म्हणजे राउटरच्या लगेच पुढच्या पायरीचा, पत्ता पडतो, आणि तुमच्या जोडणीत गेटवे म्हणजे तोच डबा! म्हणजे शेजारच्या खोलीत हाक मारून गाव जागं आहे असं ठरवायचं. त्याऐवजी १.१.१.१ किंवा ८.८.८.८ किंवा ९.९.९.९ असे बाहेरचे पत्ते भरा. शक्य असेल तर दोन भरा आणि 'दोन्ही गप्प झाले तरच कनेक्शन गेलं समजा' अशी अट घाला. एकाच पत्त्यावर विसंबलात तर तो पत्ता क्षणभर दमला तरी तुमचं घर विनाकारण दुसऱ्या कनेक्शनवर उडी मारेल.

आता बँक. तुमचा राउटर लोड बॅलन्सिंगवर आहे. एक विनंती या कनेक्शनमधून, दुसरी त्या कनेक्शनमधून असं तो वाटत राहतो. बँकेच्या सर्व्हरला एकच माणूस घडीत एका आयपीवरून, घडीत दुसऱ्यावरून येताना दिसतो, त्याला चोरीचा संशय येतो आणि तो सत्र तोडतो. बँकेचं बरोबरच आहे. लोड बॅलन्सिंग बंद करून 'फेलओव्हर' किंवा 'लिंक बॅकअप' निवडा. मुख्य वॅन-१, राखीव वॅन-२. दोन्हींचा वेग जोडून दुप्पट मिळेल या आशेने लोक लोड बॅलन्सिंग चालू ठेवतात. एका डाउनलोडला तो दुप्पट वेग मिळत नाही, कारण एक जोडणी एकाच वाटेने जाते. घरी फेलओव्हरच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक तपासा. दोन्ही कंपन्यांचे डबे कोणत्या मालिकेतले (मालिका म्हणजे पत्त्यातले पहिले तीन आकडे) पत्ते वाटतात? बरेच डबे १९२.१६८.१.१ वर असतात, जिओचा १९२.१६८.२९.१ वर. वॅन-१, वॅन-२ आणि तुमचं घरचं लॅन या तिघांच्या मालिका वेगवेगळ्या हव्यात. दोन सारख्या आल्या की राउटर गोंधळतो, आणि मग 'कधी चालतं, कधी चालत नाही' असा सगळ्यात वाईट प्रकार सुरू होतो. घरचं लॅन १९२.१६८.५०.१ असं काहीतरी वेगळंच करून टाका.

ओसरीवरची

टर्मिनलकर, कमाल! दोन्ही डबे खरंच १९२.१६८.१.१ वर निघाले. आज रात्री नवऱ्याचा कॉल संपला की बसते.

सुकी_बोंबील

टर्मिनलकरांनी यंत्राचं सांगितलं, मी खांबाचं सांगतो.

अलिबागेजवळ राहतो. आमच्या आळीत दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर आहे. वर मान करून पाहिलं तर दोन्ही एकाच खांबावरून येतात, आणि पुढे एकाच आंब्याच्या फांदीला बांधलेल्या आहेत. दोन्हीकडचा शेवटचा टप्पा एकच केबलवाला सांभाळतो, फोन लावला की दोन्ही कंपन्यांच्या नावाने तोच येतो. फांदी पडली की दोन्ही बिलं चालू आणि दोन्ही कनेक्शनं बंद. दुसरं कनेक्शन घेण्याआधी गच्चीवर जाऊन वायर कुठून येते ते डोळ्यांनी पाहावं. कंपनीचं नाव वेगळं असून भागत नाही, वाट वेगळी हवी.

म्हणून माझ्या मते एक फायबर आणि एक हवेतून येणारं, ही जोडी सगळ्यात भरवशाची. घरगुती ५जी 'एअरफायबर' कनेक्शनं २०२३ पासून आहेत. ऑगस्टमध्ये एअरटेलने दिल्ली आणि मुंबईत सुरू केलं, सप्टेंबरमध्ये गणेश चतुर्थीला जिओने आठ शहरांत, त्यात मुंबई आणि पुणे होतं. ते परवडत नसेल तर सिमवर चालणारा ४जी राउटर, नाहीतर साधा डोंगल.

पण त्यालाही मर्यादा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि कितीतरी गावांत पुढे बरेच दिवस लाईट नव्हती. मोबाईल टॉवरची बॅटरी काही तासांची. जनरेटरला डिझेल पोचलं नाही की टॉवरही झोपतो. तेव्हा सगळीच बॅकअप कनेक्शनं कुचकामी होती. तेवढ्या संकटासाठी तयारी करणं घरच्या माणसाचं कामही नाही.

ओट्यावरून

आमच्या गल्लीत दर मे महिन्यात जेसीबी येतो. खोदण्याआधी खाली कुणाची केबल आहे ते विचारता यावं म्हणून २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. जेसीबीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, 'ताई, मला नंबर द्या, मी कॉल करतो.' 😀

डबलकॉलम

सुकी_बोंबील यांनी विजेचा विषय काढलाच आहे तर बोलतो. 'इंटरनेट गेलं' म्हणून होणाऱ्या ओरड्यातला मोठा वाटा लाईट जाण्याचा असतो. त्याला दुसरं कनेक्शन लागत नाही, बॅटरी लागते.

आधी हे पाहा की तुमच्याकडे फायबर थेट घरात येते की फक्त इमारतीपर्यंत. थेट घरात ओएनटी असेल तर ते बहुधा जीपॉन असतं, म्हणजे एकच फायबर वाटेत फाटे फोडून अनेक घरांत नेलेली. कंपनीच्या एक्सचेंजपासून तुमच्या घरापर्यंत वाटेत जे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागतच नाही, नुसता काचेचा फाटा असतो. एक्सचेंजला बहुधा जनरेटर असतो. म्हणजे तुमच्या आळीत लाईट गेली तरी ओएनटी आणि राउटर बॅटरीवर जिवंत ठेवलेत तर इंटरनेट चालू राहतं.

पण काही जुन्या केबलवाल्यांकडे फायबर इमारतीच्या जिन्याखालच्या पेटीपर्यंत येते, तिथे एक छोटा स्विच असतो आणि तिथून घराघरात निळ्या-करड्या इथरनेट केबली जातात. त्या स्विचला सोसायटीच्या मीटरवरून वीज असते. लाईट गेली की तो स्विच मरतो, मग तुमच्या घरात इन्व्हर्टर असो नाहीतर सोन्याची बॅटरी असो. हे ओळखायला सोपं आहे : लाईट गेल्यावर राउटरचे दिवे चालू आहेत आणि नेट नाही, असं दरवेळी होत असेल तर स्विचची पेटी शोधा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या पेटीसाठी छोटा यूपीएस मागा. लिफ्टच्या वादातून वेळ मिळाला तर.

घरासाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. घेताना ॲडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा : आउटपुट १२ व्होल्ट आहे की ९, आणि किती अँपिअर. ९ व्होल्टच्या डब्याला १२ व्होल्ट दिलेत तर तो जळू शकतो. पिनच्या मधल्या टोकाची खूण अधिक आहे का तेही पाहा. दुसरं, खोक्यावरचे एमएएच बघून हुरळू नका. ८८०० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण साडेबत्तीस वॉट-तास. ओएनटी आणि राउटर मिळून १० वॉट खात असतील तर हिशेबाने सव्वातीन तास, आणि रूपांतरात जे वाया जातं ते धरून अडीच-पावणेतीन. आमच्याकडे तेवढं पुरतं.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे 'यूपीएस मोड' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' असा खटका असतो. नॉर्मलवर असेल तर लाईट जाताना जी पापणी लवते तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो, आणि तो परत उठेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेलीच. खटका यूपीएसवर ठेवा.

चिमुकलं_रान

वाचनखूण साठवली. डबलकॉलम, खटका दिसला! चार वर्षं इन्व्हर्टर आहे, मागे वाकून कधी पाहिलं नव्हतं.

गावठी_लिनक्स

नवीन राउटर विकत घ्यायच्या आधी घरातला जुना पाहा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची फुकट लिनक्स प्रणाली) बसत असेल तर 'एमवॅन३' नावाचं पॅकेज टाका. प्रत्येक कनेक्शनला वेगळं मेट्रिक (कोणतं आधी वापरायचं तो क्रम), ट्रॅक करायला दोन-तीन पत्ते, आणि कोणता उपकरण-गट कोणत्या वाटेने जाईल याची धोरणं. लॅपटॉप नेहमी फायबरने, टीव्ही कुठूनही, असं घराला हवं तसं शिवून घेता येतं. शिवाय फुकट.

टर्मिनलकर

@गावठी_लिनक्स, फुकट कबूल, पण ज्यांना रविवार घालवायची हौस नाही त्यांचं काय? घरच्यांना सांगण्यासारखा पर्याय म्हणजे टीपी-लिंक ईआर६०५ सारखा तयार मल्टी-वॅन राउटर. त्यात वायफाय नसतं, ते जुन्या राउटरकडून घ्यायचं. वायफायसकट हवं असेल तर आसुसच्या अनेक मॉडेलांत 'ड्युअल वॅन' हे पानच असतं, आणि दुसरं वॅन म्हणून यूएसबीला लावलेला फोनही चालतो.

मी स्वतः मायक्रोटिक कंपनीचा हेक्स राउटर वापरतो. त्यात एक खाच आहे, वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा : साधं 'चेक गेटवे' लावलंत तर ते फक्त पुढच्या पायरीला, म्हणजे पुन्हा डब्यालाच, पिंग करतं. बाहेरचा पत्ता तपासायचा तर रिकर्सिव्ह राउट (एका वाटेवरून दुसरी वाट ठरवणारे नियम) लिहावे लागतात. तपासणी दर १० सेकंदांनी होते आणि दोन वेळा उत्तर आलं नाही की ती वाट बाद. म्हणजे साधारण वीस-पंचवीस सेकंदांत घर दुसऱ्या कनेक्शनवर जातं.

गावठी_लिनक्स

रिकर्सिव्ह राउट लिहिणाऱ्याने रविवार वाचवल्याच्या गप्पा मारू नयेत. 🙂

टर्मिनलकर

हा हा, मान्य!

पण यावरून एक महत्त्वाचं आठवलं, हे जवळपास सगळ्यांना लागू आहे. ज्या पत्त्याला पिंग करून वॅन-१ तपासता, तो बऱ्याच राउटरांत वॅन-१ लाच बांधला जातो, म्हणजे त्या पत्त्याकडे जाणारं सगळं फक्त वॅन-१ मधून जातं. आता समजा तुम्ही तपासणीसाठी ८.८.८.८ दिला आणि घरातल्या उपकरणांना डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणूनही ८.८.८.८ च दिला. फायबर तुटली, राउटर शहाण्यासारखा वॅन-२ वर गेला, पण डीएनएसची विचारणा अजून मेलेल्या वाटेनेच चाललीय. व्हॉट्सॲपचे मेसेज एखादवेळी जातील, पण साइट एकही उघडणार नाही. लोक मग 'फेलओव्हर होतो पण नेट चालत नाही' म्हणून धागे काढतात. तपासणीला एक पत्ता, डीएनएसला दुसरा. आणि कंपनीने दिलेला डीएनएस मुळीच ठेवू नका, काही कंपन्यांचे डीएनएस दुसऱ्याच्या नेटवर्कवरून आलेल्याला उत्तर देत नाहीत.

मूळची_साताऱ्याची

ह्यूस्टनहून. इथेही हीच रड आहे, फक्त नावं वेगळी. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये थंडीने वीज गेली तेव्हापासून आमच्या ओळखीत बऱ्याच जणांनी केबलबरोबर ५जीचं घरगुती कनेक्शन ठेवलंय.

एक भर घालते : आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत; आयपीव्ही४ ही जुनी. आयपीव्ही४ मध्ये घरातल्या उपकरणांचे पत्ते राउटर देतो आणि बाहेरचा पत्ता बदलला तरी आतले तेच राहतात. आयपीव्ही६ मध्ये मात्र फोन-लॅपटॉपला कंपनीच्या मालिकेतले पत्ते मिळतात. पहिली कंपनी बंद पडली तरी लॅपटॉप तिचाच जुना पत्ता धरून बसतो आणि त्या पत्त्याने दुसऱ्या कंपनीतून बाहेर पडू पाहतो. ते कुणी पुढे जाऊ देत नाही. मग काही साइट लगेच उघडतात, काही चाळीस सेकंद गरगरतात. यावर नीट उपाय आहेत, पण घरी दोन कनेक्शनं असतील तर सुरुवातीला आयपीव्ही६ राउटरवर बंद ठेवून पाहा. डोकेदुखी निम्मी होते.

जुनी_खुर्ची

आमच्या वेळी डायल-अपचा आवाज यायचा, तो बंद झाला की कळायचं नेट लागलं. आयपीव्ही६ वगैरे काही नव्हतं.

ओसरीवरची

मंडळी, वर सांगितलेलं सगळं केलं. कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते.

दुसऱ्या डब्याची मालिका १९२.१६८.२.१ केली, घरचं लॅन १९२.१६८.५०.१. लोड बॅलन्सिंगची खूण काढली, लिंक बॅकअपमध्ये वॅन-१ मुख्य आणि वॅन-२ राखीव. ऑनलाइन डिटेक्शन 'ऑटो' वर होतं, ते हाताने भरायच्या पर्यायावर आणून ९.९.९.९ दिला. डीएनएस १.१.१.१. दोन्ही कंपन्यांच्या डब्यांचं वायफाय बंद केलं. सासऱ्यांच्या टीव्हीला आता नवंच वायफाय धरावं लागलं आणि पासवर्ड रिमोटने टाईप करताना घरात जरा तापलं होतं, ते असो. जुना वायफाय राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाकला, म्हणजे तो आता स्वतः पत्ते वाटत नाही, नुसतं वायफाय देतो.

बँकेचं फेकणं थांबलं. नवऱ्याची व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) मात्र बदलाच्या वेळी तुटते आणि त्याला पुन्हा जोडावी लागते. माझा वर्ग काही सेकंद गोठतो आणि मग आपोआप परत लागतो. व्हीपीएनचं काही करता येईल?

टर्मिनलकर

व्हीपीएन तुटणारच. बाहेरून दिसणारा तुमचा आयपी बदलला की जुन्या सगळ्या जोडण्या निराधार होतात. झूम-मीट स्वतःहून पुन्हा जोडून घेतात म्हणून वर्ग सावरतो. ऑफिसची व्हीपीएन कोणत्या जातीची आहे त्यावर पुढचं आहे. वायरगार्ड असेल तर ती आयपी बदलला तरी टिकते, कारण ती माणसाला पत्त्यावरून ओळखत नाही, किल्लीवरून ओळखते. पण ऑफिसची व्हीपीएन आपण निवडत नाही. तिच्यात 'ऑटो रीकनेक्ट' असेल तर चालू करायला सांगा.

आणि एक विचारतो : चाचणी कशी केलीत? वॅन-१ ची इथरनेट केबल काढून?

ओसरीवरची

हो, मग? अजून कशी करणार?

टर्मिनलकर

मग तुम्ही सोपा पेपर सोडवलात. 🙂 इथरनेट काढली की कुठलाही राउटर ओळखतो, तो तर पहिल्या दिवशीही ओळखत होता. खरी परीक्षा फायबर काढून. ओएनटीच्या मागे किंवा खाली जी बारीक पिवळी किंवा पांढरी तार आहे तिच्या टोकाला बहुधा हिरवा चौकोनी कनेक्टर असतो. तो चिमटीत धरून सरळ बाहेर ओढा, पिळू नका. डब्यावर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागेल. आता घड्याळ लावा आणि लॅपटॉपवर सतत पिंग चालू ठेवून किती सेकंद उत्तर येत नाही ते मोजा.

काळजी दोन. टोकाकडे डोळा लावून पाहायचं नाही, आतला लेझर दिसत नाही पण असतो. आणि टोकाला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं तरी सिग्नल पडतो. लगेच टोपी घाला, नाहीतर वर धरून ठेवा. परत लावताना 'टक' आवाज आला पाहिजे.

आणखी एक चाचणी : कनेक्शन परत आल्यावर राउटर किती घाईने मुख्य वाटेवर परततो? केबलवाला खांबावर काम करत असतो तेव्हा फायबर येते-जाते, येते-जाते. प्रत्येक वेळी घर इकडून तिकडे उड्या मारतं आणि प्रत्येक उडीला व्हीपीएन तुटते. परतण्याची मुदत वेगळी देता येत असेल तर ती भरपूर ठेवा, पाचेक मिनिटं सलग नीट चाललं तरच परत ये, अशी. जाताना घाई, परतताना सबुरी.

डबलकॉलम

तो लाल दिवा नसतानाही नेट खडखडत असेल तर ओएनटीच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे फायबरमधून डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे १५ ते उणे २५ च्या मधे असेल तर ठीक. उणे २७ च्या खाली गेलं की कुठेतरी वायर वाकलीय किंवा जोड खराब झालाय. हा आकडा तक्रारीत लिहिलात तर 'डबा बंद करून चालू करा' हे एक वळण वाचतं.

वडापाव_प्रो

माझ्याकडे राखीव म्हणून ४जी डोंगल आहे, रोज २ जीबीचं सिम. मागच्या वेळी फायबर गेली तेव्हा पाऊण तासात डेटा संपला. मी फक्त मेल बघत होतो!

गावठी_लिनक्स

तुम्ही मेल बघत होतात, पण घरच्या बाकी मंडळींना कनेक्शन बदलल्याचं कुठे माहीत होतं? टीव्ही ४केमध्ये चालू, फोनचे फोटो ढगात चाललेले, लॅपटॉपचे अपडेट उतरत असलेले. फेलओव्हर जितका गुपचूप होतो तितका डेटा भरभर जातो.

राखीव वाटेवर कोण जाईल त्याची यादी करा. माझ्याकडे वॅन-२ वर फक्त दोन लॅपटॉप आणि एक फोन, बाकी सगळ्यांना बंदी. साध्या राउटरात एवढं जमत नसेल तर वॅन-२ चा वेग १० एमबीपीएसला अडवा, टीव्ही आपोआप हलक्या चित्रावर येतो. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी धरून चला, म्हणजे २ जीबीत तुमची एक मीटिंग होते आणि बॉसची दुसरी होत नाही.

विंडोजवर त्या वायफायला 'मीटर्ड' (डेटा जपून वापरा) अशी खूण करता येते, पण दोन्हीकडे वायफायचं नाव एकच असल्याने ती फायबरवरही लागू राहते. म्हणून अडवायचं ते राउटरवरच.

चिमुकलं_रान

माझा प्रश्न थोडा बाजूचा. गावाकडच्या घरी कॅमेरे लावलेत, त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आहे. फायबरवर असताना बाहेरून दिसतात, ४जीवर गेलं की दिसत नाहीत. पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली विनंती राउटरने थेट डीव्हीआरकडे पाठवण्याची सोय) केलंय.

टर्मिनलकर

४जीवर तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नाही, हजारो ग्राहकांत एक वाटून दिलेला असतो. त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. काही मोबाईल नेटवर्कांवर १० ने सुरू होणारा पत्ताही दिसतो, अर्थ तोच. तिथे पोर्ट फॉरवर्ड कितीही करा, बाहेरची विनंती तुमच्या दारापर्यंत येतच नाही. काही फायबर कंपन्यांकडेही हेच असतं.

उपाय उलटा करायचा : घरातून बाहेर जोडणी करणारं काहीतरी. डीव्हीआरच्या कंपनीचं क्लाउड ॲप, नाहीतर टेलस्केलसारखी एखादी व्हीपीएन घरातल्या एखाद्या कायम चालू यंत्रावर. पोर्ट फॉरवर्ड मग बंदच करून टाका. डीव्हीआरचा पासवर्ड अजून कारखान्यातलाच असेल तर आज रात्रीच बदला.

ओट्यावरून

आईबाबा सांगलीजवळच्या गावात असतात. फायबर आहे, पण जाते. त्यांना दोन डबे, ईआर६०५, ॲक्सेस पॉइंट असलं काही झेपणार नाही, आणि बिघडलं तर तिथे कुणी नाही. एकाच डब्यात भागेल असं काही?

सुकी_बोंबील

आहे. सिमची खाच आणि वॅन पोर्ट दोन्ही असलेले ४जी राउटर मिळतात. फायबरचा डबा वॅनला, सिम पोटात, वायफायचं नाव एकच. घेताना नीट विचारा, कारण काहींत 'एकतर सिम, नाहीतर वॅन' असं हाताने निवडावं लागतं. एकातून दुसऱ्यावर आपोआप जातो का, आणि जाण्याआधी बाहेर पिंग करून पाहतो की नुसती केबल बघतो, हे दोन प्रश्न. दुकानदाराला सांगता आलं नाही तर मॉडेलचं मॅन्युअल उतरवून त्यात शोधा.

सिम कोणतं हे गावात जाऊन ठरवा, शहरात बसून नाही. आईबाबांच्या घरात खिडकीशी उभं राहून दोन-तीन कंपन्यांची रेंज पाहा आणि राउटर त्याच खिडकीशी ठेवा. आतल्या खोलीत कपाटावर ठेवलेला ४जी राउटर म्हणजे नुसता दिवा. जमल्यास संध्याकाळी आठ-नऊला वेग मोजा, सगळं गाव मोबाईलवर असतं तेव्हा. दुपारचा वेग फसवा.

आणि सिमच्या रिचार्जची तारीख तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये लावून ठेवा. 'वैधता संपत आहे' हे मेसेज त्या सिमवर येतात, म्हणजे राउटरच्या आतल्या इनबॉक्समध्ये. ते तिथे उघडून कुणी वाचत नाही.

ओट्यावरून

आभार! या शनिवारी सांगलीला चाललेच आहे, दोन सिमं बरोबर घेते. टर्मिनलकर, त्या राउटरचं पान मला इथून पुण्यातून उघडता येईल का? सिमवर असेल तेव्हासुद्धा?

टर्मिनलकर

सीजीनॅटमुळे थेट नाही. बऱ्याच कंपन्यांचं स्वतःचं ॲप असतं, त्यात राउटर खात्याला जोडून ठेवलात तर दोन्ही वाटांवरून दिसेल. राउटर घेताना तिसरा प्रश्न म्हणून हाही विचारा. तिथे असतानाच फायबर काढून, सिमवर टाकून, स्वतःच्या फोनचं वायफाय बंद करून ॲपमधून राउटर उघडतो का ते पाहून या. पुण्याला आल्यावर कळून उपयोग नाही.